पॉइंट नकोत, बिल सांगा

जळगावात शेवभाजी खाऊन गल्ल्यावर गेलो की हल्ली आधी मोबाइल नंबर विचारतात. 'मेंबर व्हा ना सर, पॉइंट मिळतील.' मी नाहीच म्हणतो.

समजा, फी 299 रुपये आणि सूट 10 टक्के. म्हणजे नुसती फी फिटायलाच 2,990 रुपयांचं खायचं. सूट वसूल करायला म्हणून दोनदा जास्त गेलात, तर ती बचत कसली?

आणि पॉइंट म्हणजे हॉटेलवाल्याकडे अडकलेली आपली उधारी. ती कधी बुडवायची, हे तोच ठरवतो. झोमॅटो गोल्ड 2017 साली आलं, एका डिशवर एक फुकट. ऑगस्ट 2019मध्ये शेकडो हॉटेलांनी 'लॉगआउट' म्हणत ते सोडलं, कारण फुकटची डिश त्यांच्या खिशातून जात होती. गिऱ्हाइकाची फी मात्र आधीच भरलेली!

नंबरसाठी अडून बसू नका, असं केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने मे 2023मध्ये दुकानदारांना बजावलंय. तरी आपण भिडेखातर सांगून टाकतो.

धुळ्यातल्या खानावळीचा महिन्याचा पास मात्र मला पटतो. रोज तिथेच तर जेवायचं असतं. फक्त गावाला गेलात तर खाड्यांचे पैसे वळते करतात का, ते पास काढण्याआधी विचारा.