नवा संगणक घेण्याआधी
संगणक सुरू व्हायला पाच मिनिटे लागली की 'नवाच घ्या' हा सल्ला ठरलेला. माझे ऐकाल तर आधी कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही बटणे एकदम दाबा. विंडोज १० किंवा ११ असेल तर टास्क मॅनेजर उघडेल. त्यातल्या 'स्टार्टअप'मध्ये संगणकाबरोबर आपोआप सुरू होणाऱ्या प्रोग्रॅमची यादी असते. गाण्यांचे, खेळांचे प्रोग्रॅम तिथे 'डिसेबल' करा. ते पुसले जात नाहीत, हवे तेव्हा उघडतात. अँटिव्हायरसला मात्र हात लावू नका. आमच्याकडे सासूबाई कन्नडात लिहितात, मी मराठीत. म्हणून टायपिंगचा प्रोग्रॅमही मी राहू दिलाय. एवढ्याने भागले नाही, तर फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कऐवजी एसएसडी बसवून घ्या. खरा फरक तिथेच पडतो. त्याआधी लग्नामुंजीचे फोटो तेवढे पेन ड्राइव्हवर काढून ठेवा.