विश्लेषण : पडघ्यात जमीन, घर की गाळा? दलाल निवडण्याआधी काय तपासावे?

समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा अखेरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी वाहतुकीसाठी खुला झाला आणि नागपूरहून निघालेला ७०१ किलोमीटरचा रस्ता भिवंडी तालुक्यात येऊन थांबला. आमणे पडघ्याच्या शेजारी. मुंबई-नाशिक महामार्गावरचे हे बाजारपेठेचे गाव त्यामुळे जमीन-घरांच्या जाहिरातींत ‘समृद्धीचे प्रवेशद्वार’ झाले आहे. ग्राहक वाढले, तसे ‘इस्टेट कन्सल्टंट’चे फलकही वाढले. यातला आपल्या कामाचा दलाल कोणता, हे ओळखायचे कसे?

पडघ्यात नेमके कोणते व्यवहार होतात?

पडघ्याचा बाजार ठाणे किंवा कल्याणसारखा एकसुरी नाही. तिथे दलाल म्हटले की सदनिका, इथे तसे नाही. एकाच चौकात चार प्रकारचे व्यवहार चालतात. गोदामांसाठी एकराने जमीन, गुंतवणूकदारांसाठी एनए प्लॉट किंवा ‘फार्महाऊस’चे गुंठे, गोदामांत काम करणाऱ्या आणि कल्याणचे दर न परवडणाऱ्या कुटुंबांसाठी वन-बीएचके, आणि व्यापाऱ्यांसाठी भाड्याचे गाळे. प्रत्येक व्यवहाराला वेगळा कायदा लागू होतो, जोखीमही वेगळी असते. सातबारा तोंडपाठ असलेला गावातला माणूस गृहकर्जाच्या कागदपत्रांत अडखळतो. कल्याणच्या वातानुकूलित कार्यालयातला एजंट सदनिका झटपट दाखवतो, पण गटाचा बांध कुठून जातो आणि कोणत्या भावाची सही राहिली आहे, हे त्याला ठाऊक नसते. म्हणून ‘चांगला दलाल कोण’ असे विचारून फारसे हाती लागत नाही. आपण काय घेतो किंवा विकतो आहोत, हे आधी ठरवावे लागते.

महारेराची नोंदणी कोणाला सक्तीची?

स्थावर संपदा (नियमन व विकास) कायदा, २०१६ मधील कलम ९ नुसार नोंदणीकृत प्रकल्पातील प्लॉट किंवा सदनिका विकून देणाऱ्या एजंटला महारेराची नोंदणी घ्यावी लागते. व्यक्तीसाठी १० हजार रुपये शुल्क आणि पाच वर्षांची मुदत. नोंदणी नसलेल्या प्रकल्पातील घर विकण्यास कलम १० मनाई करते. नियम मोडला तर कलम ६२ नुसार दिवसाला १० हजार रुपये दंड होऊ शकतो आणि तो मालमत्तेच्या किमतीच्या पाच टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो.

महाराष्ट्राने त्यापुढे एक पाऊल टाकले. जानेवारी २०२३च्या आदेशाने एजंटांना प्रशिक्षण आणि परीक्षा सक्तीची झाली. मुदतवाढीनंतर १ जानेवारी २०२४ पासून सक्षमता प्रमाणपत्राशिवाय काम करता येत नाही. ते न घेतलेल्या सुमारे २० हजार एजंटांची नोंदणी त्याच वर्षाअखेरीस महारेराने स्थगित केली. फलकावर जुना क्रमांक रंगवलेला आहे म्हणजे तो आज चालू आहे, असे समजू नये. महारेराच्या संकेतस्थळावर एजंटचे नाव किंवा क्रमांक टाकून मोबाइलवरच मिनिटभरात खात्री करता येते.

१ ऑगस्ट २०२३ पासून प्रकल्पाच्या जाहिरातीत क्यूआर कोडही बंधनकारक आहे. व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या ‘फक्त शेवटचे दहा प्लॉट’ छापाच्या चित्रात तो नसेल, तर साइट बघायला गाडी पाठवतो म्हणणाऱ्याला आधी तोच मागावा.

नोंदणी असली की झाले का?

नाही. पडघ्यासारख्या गावात हाच मुद्दा सर्वाधिक निसटतो. रेरा कायद्यातील ‘एजंट’च्या व्याख्येत स्थावर प्रकल्पातील विक्रीचा व्यवहार येतो. सुट्या शेतजमिनीची खरेदी आणि गाळ्याचे भाडे त्याबाहेर राहते. ५०० चौरस मीटरपर्यंतच्या जमिनीवरील किंवा आठपर्यंत सदनिकांच्या प्रकल्पालाही नोंदणीतून सूट आहे. म्हणजे या परिसरातील बऱ्याच व्यवहारांत रेरा क्रमांकाचा संबंधच येत नाही. तरीही काही जण तो क्रमांक दाखवून शेतजमिनीच्या व्यवहारात विश्वास कमावतात.

सदनिकेतही तो पुरेसा नाही. शेजारच्या कल्याण-डोंबिवलीत ६५ इमारतींना बनावट बांधकाम परवानग्यांच्या आधारे महारेराची नोंदणी मिळाल्याचे उघड झाले आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या पाडण्याचे आदेश दिले. घरे घेणाऱ्यांनी नोंदणी पाहिली होती, बँकांनी कर्जेही दिली होती. त्यामुळे बांधकाम परवानगीची प्रत ज्या कार्यालयाने दिली, तिथूनच पडताळून आणणारा दलाल हवा. ‘रेरा आहे ना, मग काय बघता’ हे उत्तर पुरेसे नाही.

शेतजमीन किंवा ‘फार्महाऊस प्लॉट’ घ्यायचा असेल तर?

इथे गावातला, सातबारा वाचता येणारा माणूस हवा आणि त्याच्याशिवाय स्वतंत्र वकील हवा. कुळकायद्याच्या कलम ६३ नुसार शेतकरी नसलेल्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. ‘शेतकरी दाखला आम्ही करून देतो’ असे दलाल म्हणाला, तर तिथेच चहा संपवून उठावे. खोट्या दाखल्यावर घेतलेली जमीन पुढे सरकारजमा होऊ शकते आणि तेव्हा दलालाचा फोन लागत नाही.

सातबाऱ्यावरचे क्षेत्र आणि नाव सगळेच बघतात, खरी गोष्ट ‘इतर हक्क’ या रकान्यात असते. कुळाचे नाव, सोसायटीचा बोजा, कलम ४३ च्या बंधनाचा शेरा, भूसंपादनाची नोंद हे सारे तिथे सापडते. समृद्धी, मुंबई-वडोदरा द्रुतगती मार्ग, विरार-अलिबाग बहुउद्देशीय मार्गिका अशा प्रकल्पांनी हा तालुका वेढला असल्याने ‘महामार्गाला लागून’ असलेली जमीन महामार्गातच जाणारी नाही ना, हे तपासावे लागते. भोगवटादार वर्ग २ ची जमीन परवानगीशिवाय विकता येत नाही. जमीन आदिवासी खातेदाराची असेल, तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६ अ नुसार बिगर आदिवासीला विकण्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आणि त्याआधी शासनाची मान्यता लागते. वारली, कातकरी, ठाकूर वस्त्यांच्या या पट्ट्यात ही अडचण फक्त कागदावरची नाही.

दोन-तीन गुंठ्यांचे ‘प्लॉट’ पाडून एकाच सातबाऱ्यावर दहा जणांची नावे चढवण्याची पद्धत जुनी आहे. तुकडेबंदी कायद्याचे नियम अलीकडे सैल झाले, २०२५मध्ये जुने तुकडे नियमित करण्याचा मार्गही सरकारने खुला केला. मात्र जुना व्यवहार नियमित होणे वेगळे आणि आज पाडलेला तुकडा कायदेशीर असणे वेगळे. दलाल हे दोन्ही एकाच दमात सांगत असेल, तर त्याच्याकडून मंजूर रेखांकन आणि बिनशेती आदेश मागावा. सामायिक सातबाऱ्यातला हिस्सा पुढे विकताना किंवा त्यावर कर्ज काढताना उरलेल्या नऊ जणांची गाठ पडते.

जमीन विकणाऱ्या शेतकऱ्याने कोणाला जवळ करावे?

दलालाविषयीच्या चर्चेत हा माणूस बहुधा नसतो, खरे तर सर्वाधिक पणाला त्याचेच लागलेले असते. ग्राहकाने चुकीचा प्लॉट घेतला तर बचत जाते, शेतकऱ्याची चूक झाली तर पिढीजात जमीन जाते.

नेहमीचा प्रकार असा. दलाल स्वतःच ‘पार्टी’ बनून येतो, काही लाख रुपये टोकन देतो, विसार पावती किंवा साठेखत करून घेतो आणि सोबत कुलमुखत्यारपत्रावर सही घेतो. मग तीच जमीन मधल्या काळात जास्त भावाने गोदामवाल्याला लावतो. वरचा फरक त्याचा. शेतकऱ्याला खरा भाव कळतो तो शेजाऱ्याकडून. भारतीय करार कायद्याच्या कलम २१५ आणि २१६ नुसार मालकाला अंधारात ठेवून स्वतःसाठी व्यवहार करणाऱ्या प्रतिनिधीचा व्यवहार नाकारता येतो, त्याने मिळवलेला लाभही मागता येतो. पण त्यासाठी तो ‘प्रतिनिधी’ होता हे कागदावर असावे लागते. साठेखतात तो खरेदीदार म्हणून बसला, की हा आधारच सुटतो.

म्हणून दलालाला पहिल्याच बैठकीत विचारावे : तू माझ्या बाजूने आहेस, घेणाऱ्याच्या, की स्वतः घेणार आहेस? उत्तर लेखी घ्यावे. साठेखतात मुदत, उरलेल्या रकमेचे हप्ते आणि मुदत टळल्यास काय, हे स्पष्ट असावे. विक्रीचे अधिकार देणारे कुलमुखत्यारपत्र शक्यतो देऊच नये. सर्वोच्च न्यायालयाने २०११मध्ये सूरज लॅम्प प्रकरणात केवळ कुलमुखत्यारपत्रावर मालकी जात नाही, असे स्पष्ट केले आहे. मात्र त्या कागदाने कज्जा मात्र वर्षानुवर्षे चालतो.

बहिणींचा प्रश्नही इथेच येतो. २००५च्या हिंदू वारसा दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित जमिनीत मुलींचा हक्क मुलांइतकाच आहे. ‘ताईंची सही नंतर बघू, हक्कसोड करून घेऊ’ म्हणणारा दलाल व्यवहार लवकर उरकतो, पण घरातले भांडण मागे ठेवून जातो. सगळे वारस एका बैठकीत बसवणारा, त्यासाठी महिनाभर थांबणारा मध्यस्थ सावकाश वाटला तरी शेतकऱ्याच्या फायद्याचा.

पहिले घर घेणाऱ्या कुटुंबाने काय पाहावे?

नोकरी कल्याण-ठाण्याला असेल, तर दलालासोबत दुपारी साइट पाहण्यात अर्थ नाही. सकाळी आठला गांधारी पुलावरून कल्याण स्थानकापर्यंत स्वतः जाऊन बघावे. ‘स्टेशन वीस मिनिटांवर’ हे वाक्य पहाटे चारला खरे असते.

ग्रामपंचायतीची घरपट्टी पावती ही बांधकाम परवानगी नाही, हे दलाल क्वचित सांगतात. घरपट्टी अनधिकृत बांधकामालाही लागते. २९ एप्रिल २०२३ रोजी भिवंडीजवळच्या वळपाड्यात खाली गोदाम आणि वर राहती घरे असलेली इमारत कोसळली, त्यात आठ जणांचा जीव गेला. त्यामुळे परवानगी कोणत्या नियोजन प्राधिकरणाची, भोगवटा प्रमाणपत्र आहे का, आणि राष्ट्रीयीकृत बँक या इमारतीवर कर्ज देते का, हे तीन प्रश्न दलालाला विचारावेत. एखाद्याच खासगी वित्तसंस्थेचे नाव तो पुन:पुन्हा घेत असेल, तर कारण शोधावे. नोंदणीकृत प्रकल्पात विक्री करार नोंदवण्याआधी किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम विकासकाला घेता येत नाही. दलाल त्याहून जास्त रोख मागत असेल, तर तो ग्राहकाच्या बाजूचा नाही.

गाळा भाड्याने घेणाऱ्याला अग्निशमन दाखला, मंजूर नकाशा आणि नोंदणीकृत भाडेकरार इतके मिळवून देणारा दलाल पुरे. परवानगी नसलेल्या गोदामातला माल जळाला, तर विमा कंपनीशी वाद घालायला भाडेकरूच एकटा उरतो.

दलाली किती आणि कधी द्यायची?

दलालीचा दर रेरा कायद्याने ठरवलेला नाही. विक्रीत साधारण एक ते दोन टक्के आणि भाड्यात एक महिन्याचे भाडे अशी प्रथा आहे, बाकी सगळे बोलण्यावर. नव्या प्रकल्पात विकासक एजंटला स्वतंत्र मोबदला देतो, त्यामुळे ‘आमचे तुमच्याकडून काहीच नाही’ म्हणणारा कोणाचे हित बघतो, हे उघड आहे. त्यात गैर काही नाही, फक्त ते माहीत असावे. टक्केवारी, ती दोन्हीकडून घेतली जाणार का, आणि व्यवहार फिसकटल्यास टोकन कोणाकडे राहणार, हे अर्ध्या पानावर लिहून घ्यावे. दलाली साठेखतावर अर्धी आणि खरेदीखत नोंदल्यावर अर्धी दिली, तर फेरफार नोंदवेपर्यंत दलाल फोन उचलतो, असा इथला अनुभव सांगितला जातो.

फसवणूक झाली तर कुठे जायचे?

नोंदणीकृत प्रकल्पातील एजंटविरुद्ध महारेराकडे कलम ३१ नुसार ऑनलाइन तक्रार करता येते. शुल्क पाच हजार रुपये आहे आणि तडजोडीसाठी सलोखा मंचही आहे. रेराच्या कक्षेबाहेरील व्यवहारात, दलालाने मोबदला घेऊन सेवेत कसूर केली असेल, तर जिल्हा ग्राहक आयोगाचा मार्ग उरतो. तिथे कारण घडल्यापासून दोन वर्षांत तक्रार करावी लागते. खोटे कागद किंवा एकच जमीन दोघांना विकल्याचे प्रकरण असेल, तर ते भारतीय न्याय संहितेनुसार पोलिसांकडे जाते आणि मालकीचा वाद दिवाणी न्यायालयात. तिन्ही ठिकाणी पहिल्यांदा मागितला जातो तो पैसे दिल्याचा पुरावा. रोखीने दिलेले टोकन आणि कोऱ्या कागदावरची सही तिथे सिद्ध करणे सर्वात अवघड जाते.