पावती पुस्तक आहे, आता वस्तीची वही हवी

तहसील आणि पंचायत समितीच्या आवक-जावक टेबलावर रोज निवेदने येऊन पडतात. 'आमच्या वस्तीकडे जाणीवपूर्वक दुर्लक्ष केले जात आहे' हे वाक्य त्यांतल्या बहुतेकांत असते. वाक्य खरेच असते. तरी साहेब पोच देतात, 'बघतो' म्हणतात आणि कागद फायलीत जातो. कारण 'दुर्लक्ष' या शब्दाला कोणालाच उत्तर द्यावे लागत नाही. 'गेल्या तीन वर्षांत मागासवर्गीयांच्या राखीव निधीतले किती रुपये खर्च झाले, कुठे झाले?' या प्रश्नाला मात्र उत्तर द्यावेच लागते. नाही दिले, तर ते न देणेही नोंदवून पुढे नेता येते.

म्हणून आमचे म्हणणे सरळ आहे. आंबेडकरी तरुणांनी आपल्या वस्तीची आकडेवारी स्वतः गोळा करावी, स्वतःकडे ठेवावी आणि ती हातात घेऊन ग्रामसभेत उभे राहावे.

यावर काही जुने कार्यकर्ते म्हणतात, 'सर्वे-बिर्वे ही एनजीओवाल्यांची कामे. चळवळ रस्त्यावर होते.' रस्ता सोडा असे आम्ही म्हणतच नाही. पण आकडा आपल्या परंपरेत बाहेरून आलेला नाही. १८८२ साली जोतीराव फुल्यांनी हंटर कमिशनपुढे हिशोबच मांडला होता: महसूल रयतेच्या घामाचा आणि शिक्षणावरचा खर्च वरच्या वर्गांसाठी, हे कसे? १९२७ साली मुंबई कायदेमंडळात बाबासाहेबांनी दाखवून दिले की प्राथमिक शाळेत आलेल्या १०० मुलांपैकी चौथीपर्यंत फक्त १८ पोचतात. दारूवरच्या करातून सरकार माणशी जेवढे घेते, तेवढे तरी शिक्षणावर खर्च करा, ही मागणी त्यांनी त्याच भाषणात केली. दोन आकडे शेजारी ठेवले आणि सरकारचा न्याय उघडा पडला. पुढच्याच वर्षी सायमन कमिशनला बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने दिलेल्या निवेदनातही त्यांनी अस्पृश्यांच्या शिक्षणाची स्थिती आकड्यांनिशी मांडली. महाडचा सत्याग्रह आणि कायदेमंडळातले ते भाषण एकाच वर्षातले, एकाच महिन्यातले आहे. रस्ता की आकडा, असा प्रश्न बाबासाहेबांना पडला नव्हता.

आता आजच्या गावात येऊ. ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नाच्या १५ टक्के रक्कम मागासवर्गीयांच्या कल्याणासाठी खर्च करणे बंधनकारक आहे. समजा, घरपट्टी, पाणीपट्टी, गाळ्यांचे भाडे धरून एखाद्या ग्रामपंचायतीचे वर्षाचे स्वउत्पन्न ८ लाख आहे. १५ टक्के म्हणजे १ लाख २० हजार. पाच वर्षांचे ६ लाख. वस्तीत पाच वर्षांत एक समाजमंदिराची रंगरंगोटी आणि दोन दिवे दिसत असतील, तर उरलेले पैसे कुठे गेले हे विचारण्याचा अधिकार वस्तीला आहे. त्यासाठी मोठी विद्वत्ता लागत नाही. ग्रामपंचायतीचा नमुना १ म्हणजे अंदाजपत्रक. ते आणि प्रत्यक्ष जमा-खर्च माहिती अधिकारात मागा. १० रुपयांचे कोर्ट फी स्टॅम्प, एका अर्जात एकच विषय, मजकूर १५० शब्दांच्या आत. ३० दिवसांत उत्तर आले नाही तर पहिले अपील. वित्त आयोगाच्या पैशाची कामे तर ई-ग्रामस्वराज पोर्टलवर मोबाईलवरच दिसतात.

हा झाला कागदावरचा आकडा. दुसरा आकडा वस्तीतून आणावा लागतो आणि तो फक्त आपणच आणू शकतो. शेवटची जनगणना २०११ ची. तेव्हा महाराष्ट्रात ६५ लाखांहून जास्त लोकांनी आपला धर्म बौद्ध नोंदवला होता. त्यानंतर वस्त्या वाढल्या, एका घराची तीन घरे झाली, काही कुटुंबे कामासाठी शहरात गेली. अनुसूचित जाती व नवबौद्ध वस्ती विकास योजनेत वस्तीला किती निधी मिळणार हे तिच्या लोकसंख्येवर ठरते. कागदावर माणसे कमी, तर पैसे कमी. म्हणजे मोजणी चुकली की नाली आणि रस्ताही अडतो.

हे काम कोण करणार? आमचे उत्तर आहे, जयंती मंडळ. १४ एप्रिलच्या आधी महिनाभर वस्तीतले पोरे पावती पुस्तक घेऊन घरोघर फिरतात. कोणाच्या घरी कोण आहे, कोण पुण्याला गेले, कोणाची वर्गणी बाकी आहे, सगळे त्यांना तोंडपाठ असते. शेवटी वर्गणीचा हिशोब बोर्डावर लागतो. असे गणक कोणत्या सरकारकडे आहेत? त्याच फेरीत पाच प्रश्न विचारा: घरात माणसे किती, नळ आहे का, शौचालय आहे का, घराची नोंद नमुना ८ ला आहे का, शिकणाऱ्या मुलांपैकी कोणाची शिष्यवृत्ती अडली आहे. पाचच विचारा. पन्नास विचारले की लोक कंटाळतात आणि वही अर्धीच राहते. मुलींना सोबत घ्या. पाणी आणि शौचालयाचे खरे उत्तर घरातल्या बाईकडे असते आणि ती ते मुलीला मोकळेपणाने सांगते.

एक पथ्य मात्र कडक पाळायचे. आजवर आपल्या वस्त्यांवर पुष्कळ सर्वे झाले. लोक आले, फॉर्म भरून घेतले, गेले. अहवाल कुठे छापला हे वस्तीला कधी कळले नाही. आपली वही तशी नको. आधार नंबर, बँक खाते घ्यायचे नाही. का विचारतो हे आधी सांगायचे, नको म्हणणाऱ्याला सोडून द्यायचे. अत्याचारग्रस्त कुटुंबाचे नाव किंवा फोटो व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचा नाही. उद्या त्याच गावात राहायचे त्यांनाच आहे. आणि निघालेला आकडा आधी बुद्धविहारात, वस्तीच्या बैठकीत वाचून दाखवायचा. 'आमच्या गल्लीतली दोन घरे राहिली' असे एखादी आजी म्हणाली, तर तिथेच दुरुस्त करायचा. वस्तीने मान्य केलेला आकडा ग्रामसेवकाला सहज खोडता येत नाही.

आकड्याने आपोआप न्याय मिळतो असा आमचा भ्रम नाही. ज्यांना द्यायचेच नाही, ते आकडा पाहूनही देत नाहीत. पण मग त्यांना 'माहिती नव्हती' हे कारण उरत नाही आणि मोर्चाच्या हातात घोषणेसोबत पुरावा येतो. पुढची ग्रामसभा कधी आहे ते आज विचारून घ्या. तिच्या आधी एक अर्ज आणि एक वही, एवढे तरी प्रत्येक वस्तीतून व्हावे.

जय भीम!