आवाज गेला कुठे?

नवीन पीसी जोडला, सगळं सुरू झालं, पण आवाजच नाही! मग दोन सल्ले हमखास मिळतात: 'विंडोज पुन्हा टाक' किंवा 'साउंड कार्ड घे'. माझं मत विचाराल तर आधी दोन्ही नकोत. रविवारही जाईल, पैसेही. एचडीएमआयने जोडलेल्या मॉनिटरलाच विंडोज बरेचदा स्पीकर समजतं. आउटपुट बदलून बघा. मग मागचा हिरवा जॅक. पुढचा जॅक मुका असेल तर कॅबिनेटची वायर बघा: दोन प्लग असले तर २००४ चा 'एचडी ऑडिओ' लावायचा, १९९७ चा 'एसी९७' नाही. शेवटी ड्रायव्हर. एका वेळी एकच गोष्ट बदला. नाहीतर आवाज येईल, पण कशामुळे ते कळणार नाही. आणि न कळता सुटलेला बग परत येतोच, हे आयटीवाल्यांना मी काय सांगणार!