लस, गोळी आणि उतारवयाचा विवेक

१९६५ च्या स्थलांतर कायद्यानंतर ज्या महाराष्ट्रीय स्त्री-पुरुषांनी ह्या देशात संसार मांडले, त्यांपैकी बहुतेकांच्या हातावर एक वाटोळी, किंचित खोलगट खूण अद्याप आहे. ती देवीच्या लसीची. लहानपणी गावात देवी काढणारा आला, आईने मुलाला धरून बसविले, हातावर टोचले गेले आणि काम झाले. मुलाला कोणी विचारले नाही. पुढे परदेशी विमानात बसताना त्याच लसीचे प्रमाणपत्र जवळ बाळगावे लागे. तेथेही निर्णय सरकारचाच होता. १९८० साली देवीचा रोग पृथ्वीवरून नाहीसा झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने जाहीर केले, आणि ती खूण केवळ आठवणीपुरती उरली.

तीच मंडळी आज पंचाहत्तरीच्या आसपास पोचली आहेत. शरद ऋतूत फ्लूची लस घेण्यासाठी ती औषधांच्या दुकानाच्या खिडकीशी उभी राहतात, तेव्हा आतील तरुण कर्मचारी विचारतो, "नागिणीची लस घेतली आहे का? आर.एस.व्ही.ची? न्यूमोनियाची? आजच एकदम देऊन टाकू का?" मागे रांग ताटकळत असते. कोणी सगळ्याला होकार देऊन मोकळे होते, कोणी "मुलाला विचारून सांगतो" म्हणून परत फिरते, कोणी "ह्या वयात आता कशाला?" असे म्हणून हसून सोडून देते. वरवर पाहता ही तीन उत्तरे भिन्न आहेत. वस्तुतः तिन्हींत एकच उणीव आहे: तोलून पाहण्याचे काम कोणीच केलेले नाही. उतारवयात प्रत्येक लस आणि प्रत्येक गोळी स्वतंत्रपणे तोलली गेली पाहिजे, आणि तो तराजू ज्याचा देह त्याच्याच हाती असला पाहिजे.

लसीविषयीची शंका हा केवळ अडाणीपणा होय, असे मानणाऱ्या सुशिक्षितांनी इतिहास एकदा चाळून पाहावा. मुंबईत १८९६ साली प्लेग उद्भवला, तेव्हा डॉ. वाल्डेमार हाफकिन ह्यांनी तेथेच प्लेगची लस सिद्ध केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःच्या अंगात टोचून घेतली. तरीही १९०२ साली पंजाबातील मुल्कोवाल येथे लस टोचलेल्यांपैकी १९ जण धनुर्वाताने दगावले. दोष लसीचा नव्हता, दूषित झालेल्या एका बाटलीचा होता. परंतु हाफकिन ह्यांच्यावरील ठपका दूर होण्यास १९०७ साल उजाडावे लागले. अमेरिकेतही १९७६ साली डुकरांच्या फ्लूची साथ येणार म्हणून चार कोटींहून अधिक लोकांना घाईने लस टोचण्यात आली. साथ तर आली नाहीच. उलट काहींना गुलेन बॅरे नावाचा मज्जातंतूंचा विकार जडल्याचे आढळून आले आणि त्या डिसेंबरात मोहीम थांबवावी लागली. दुधाने तोंड पोळले म्हणजे मनुष्य ताकही फुंकून पितो, हे खरे आहे. मात्र फुंकून पिणे निराळे आणि ताकाचा पेलाच दूर सारणे निराळे.

प्रथम नागिणीचे उदाहरण घ्यावे. महाराष्ट्रात ह्या रोगाची धास्ती जुनी आहे. कमरेभोवती उठणाऱ्या पुरळाचे तोंड आणि शेपटी जुळली की रोगी जगत नाही, अशी समजूत खेडोपाडी होती. नागीण उतरविण्यासाठी मांत्रिकाकडे जाणारेही पुष्कळ असत. खरी गोष्ट अशी की, लहानपणी येऊन गेलेल्या कांजिण्यांचा विषाणू मज्जातंतूंच्या मुळाशी वर्षानुवर्षे निद्रिस्त राहतो आणि वयपरत्वे शरीराची प्रतिकारशक्ती क्षीण झाली की पुन्हा जागा होतो. तो एकाच मज्जातंतूच्या वाटेने जात असल्यामुळे पुरळ बहुधा शरीराच्या एकाच बाजूस उठतो. तोंड व शेपटी जुळण्याचा प्रसंग सहसा येत नाही. धास्तीचे खरे कारण दुसरेच आहे. पुरळ बरा झाल्यावरही काहींच्या वाट्याला महिनोन्‌महिने, क्वचित वर्षानुवर्षे, आग होणारी वेदना येते. अंगावरचा सदरादेखील सोसवत नाही. अमेरिकेत सुमारे तीन माणसांपैकी एकाला आयुष्यात केव्हा तरी हा रोग गाठतो.

२०१७ च्या ऑक्टोबरमध्ये येथे मान्य झालेली शिंग्रिक्स ही लस पन्नाशीनंतर दोन मात्रांत दिली जाते. चाचण्यांत ती नव्वद टक्क्यांहून अधिक गुणकारी ठरली, आणि विशेष म्हणजे सत्तरीपुढील लोकांतही तिचा गुण फारसा उणावला नाही. आता पारड्याची दुसरी बाजू. सुमारे सहांपैकी एकाला ह्या लसीने एकदोन दिवस ताप, अंगदुखी व थकवा इतका येतो की नित्याची कामे बाजूस ठेवावी लागतात. पासष्टीपुढील लोकांत दहा लाख मात्रांमागे सुमारे तीन जणांना गुलेन बॅरेचा विकार अधिक आढळला, म्हणून २०२१ साली तशी सूचना लसीच्या माहितीपत्रकात घालण्यात आली. ही दोन्ही पारडी समोर ठेवली असता, बहुतेक वृद्धांच्या बाबतीत काटा स्पष्टपणे लसीकडे झुकतो. २०२५ साली वेल्समधील नोंदींवरून एक नवी गोष्ट पुढे आली: नागिणीची जुनी लस घेण्यास जे वयाने पात्र ठरले, त्यांच्यात पुढील सात वर्षांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण कमी दिसले. ही वार्ता आशादायक आहे. परंतु ती लस निराळी होती व अमेरिकेत ती २०२० नंतर मिळेनाशी झाली. स्मृती राखण्यासाठी म्हणून नव्हे, तर नागीण टाळण्यासाठी म्हणून आजची लस घ्यावी, एवढेच सध्या म्हणता येते.

आर.एस.व्ही.ची गोष्ट ह्याहून सूक्ष्म आहे. श्वसनमार्गाचा हा विषाणू तान्ह्या बाळांना त्रास देतो, एवढेच पूर्वी सामान्यांना ठाऊक असे. तो वृद्धांनाही रुग्णालयात नेतो, हे उशिरा सर्वांच्या ध्यानी आले. त्याची लस २०२३ च्या मे महिन्यात प्रथम मान्य झाली. आरंभी साठीपुढील प्रत्येकाने आपल्या डॉक्टरांशी बोलून ठरवावे, असा सल्ला होता. वर्षभराचा अनुभव जमा झाल्यावर २०२४ च्या जूनमध्ये तो बदलला: पंच्याहत्तरी गाठलेल्या सर्वांनी घ्यावी, साठ ते चौऱ्याहत्तर वयाच्यांपैकी ज्यांना हृदयाचा, फुफ्फुसाचा किंवा तत्सम गंभीर विकार आहे त्यांनी घ्यावी. पुढे पन्नाशीतील तशा रोग्यांचाही त्यात समावेश झाला. ह्या लसीमागेही गुलेन बॅरेचा धोका दहा लाखांमागे सुमारे सात ते नऊ इतका दिसून आला. २०२५ च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्त्याच्या परिसरात ज्या विकाराने लोकांची झोप उडविली, तो हाच. पण तेथे तो पोटाच्या जंतुसंसर्गामागून आला होता, लसीमागून नव्हे. सारांश, ऐंशी वर्षांच्या दमेकरी आजोबांनी ही लस घ्यावी आणि रोज तीन मैल चालणाऱ्या बासष्ट वर्षांच्या निरोगी काकूंनी तूर्त थांबावे, ह्यात विसंगती काहीच नाही. सब घोडे बारा टक्के हा न्याय वैद्यकात चालत नाही.

लसीचे काम एकदोन मात्रांत किंवा वर्षाकाठी एकदा आटोपते. रोजच्या गोळीचे तसे नाही. ती दररोज पोटात जाते, दुसऱ्या गोळ्यांच्या सोबतीस बसते, आणि वय वाढेल तसे तिला बाहेर टाकणारे मूत्रपिंडही थकत जाते. अॅस्पिरिनचे उदाहरण बोलके आहे. हृदयविकार टाळण्यासाठी रोज एक लहान अॅस्पिरिन घ्यावी, हा उपदेश कित्येक वर्षे घरोघर चालला. भारतवारीहून परतताना तिच्या पट्ट्यांची चळत सामानात असावयाचीच. २०१८ साली ऑस्ट्रेलिया व अमेरिकेतील १९ हजारांहून अधिक निरोगी वृद्धांवरील मोठ्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ह्या गोळीने त्यांचे धडधाकट आयुष्य वाढले नाही. मोठ्या रक्तस्रावाचे प्रमाण मात्र वाढले. २०२२ साली येथील प्रतिबंधक सेवांच्या तज्ज्ञमंडळाने साठीनंतर अशी गोळी नव्याने सुरू करू नये, असे सांगितले. तथापि ज्यांना हृदयविकाराचा झटका येऊन गेला आहे किंवा ज्यांच्या रक्तवाहिनीत स्टेंट आहे, त्यांचा प्रश्न सर्वस्वी वेगळा. त्यांनी हे वाचून गोळी बंद केली तर अनर्थ ओढवेल.

कोलेस्टेरॉलच्या गोळीचा निवाडाही एका वाक्यात होत नाही. दक्षिण आशियाई वंश हा हृदयविकाराचा धोका वाढविणारा घटक आहे, असे अमेरिकेतील हृदयतज्ज्ञांनी २०१८ च्या मार्गदर्शिकेत नमूद केले. त्यामुळे पन्नास-साठ वर्षांच्या मराठी माणसाने ती गोळी हसण्यावारी नेऊ नये. परंतु शहात्तरीनंतर ती प्रथमच सुरू करावी की नाही, ह्यास पुरेसा आधार नसल्याचे त्याच तज्ज्ञमंडळाने २०२२ साली मान्य केले. म्हणजे एकाच घरात मुलाने गोळी घ्यावी आणि वडिलांनी विचार करावा, असे घडू शकते.

आता प्रश्न उरतो तो निर्णय कोणी करावयाचा, हा. मराठी घरांतील मुले कर्तबगार असतात, प्रेमळ असतात, आणि बहुधा घाईत असतात. डॉक्टरांची वेळ तीच ठरवितात, रुग्णालयाच्या संकेतस्थळाची किल्ली त्यांच्याच फोनमध्ये असते. तपासणीच्या खोलीत डॉक्टर व मुलगा इंग्रजीत बोलतात आणि आई भिंतीवरचे चित्र पाहत बसते. ज्या आईने ह्या परक्या देशात भाड्याच्या दोन खोल्यांत संसार उभा केला, तिला तिच्याच देहाविषयीचे भाषण समजू नये, ही गोष्ट प्रेमाच्या नावाखाली चालू असली तरी अन्यायाचीच आहे. केंद्र सरकारचा पैसा घेणाऱ्या रुग्णालयाने इंग्रजी न येणाऱ्या रोग्यास दुभाष्या विनामूल्य दिला पाहिजे, असा येथील कायदा आहे. फोनवर का होईना, मराठी दुभाष्या मागावा. मुलाने सोबत बसावे. परंतु उत्तर आईने द्यावे.

पैशाचा विचारही टाळून चालणार नाही. १ जानेवारी २०२३ पासून मेडिकेअरच्या औषधविम्यात शिफारस झालेल्या लसींसाठी वृद्धांना पदरचे काही द्यावे लागत नाही. तोपर्यंत नागिणीची लस अनेकांना परवडत नसे. परंतु मुलांपाशी राहावयास नव्याने आलेल्या आईवडिलांना ग्रीन कार्ड असले तरी, येथे सलग पाच वर्षांचे वास्तव्य झाल्यावाचून मेडिकेअरचे दार उघडत नाही. सहा महिन्यांसाठी आलेल्यांचा प्रवासविमा बहुधा लसींचा खर्च उचलत नाही. अशांनी निघण्यापूर्वीच चौकशी करावी. शिंग्रिक्स २०२३ पासून भारतातही मिळते. तहान लागल्यावर विहीर खणण्यात अर्थ नाही.

सल्ला देणाऱ्यांविषयीच संशय उत्पन्न व्हावा, असा काळही येऊन गेला आहे. २०२५ च्या जूनमध्ये लसींविषयी सरकारला सल्ला देणाऱ्या समितीच्या सर्व १७ सदस्यांना आरोग्यमंत्र्यांनी एकाच वेळी दूर केले, आणि अनेक वैद्यकीय संस्थांनी त्यावर उघड नापसंती व्यक्त केली. अशा वेळी फोनवर येणाऱ्या निनावी संदेशांचे फावते. वृद्धांनी त्यांच्या नादी न लागता, आपला रोगेतिहास जाणणाऱ्या डॉक्टरला समोरासमोर विचारावे: हा रोग मला ह्या वयात होण्याचा संभव किती? झाला तर काय होईल? औषधाचा लाभ मला केव्हा मिळेल, वर्षात की दहा वर्षांनी? अपाय कोणता? आणि हे नवे घ्यावयाचे तर जुने कोणते थांबविता येईल? शेवटचा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. तो अवश्य विचारावा.

"आता किती दिवस राहिले?" असे म्हणणाऱ्या वडीलधाऱ्यांस एकच उत्तर आहे. येथे प्रश्न दिवस वाढविण्याचा नाही. आहेत ते दिवस वेदनेवाचून जावेत, देवळाची पायरी स्वतःच्या पायांनी चढता यावी, नातवंडाला उचलता यावे, एवढीच अपेक्षा आहे. हे सारे ऐकून, समजून कोणी नकार दिला, तर त्या नकाराचाही घरच्यांनी मान राखावा.

मंडळांनी ह्या कामी थोडा हातभार लावावा. गणेशोत्सवाच्या आधीची एक दुपार ह्यासाठी राखून ठेवावी. प्रत्येकाने घरातील सर्व गोळ्या, भारतातून आणलेल्या आणि आयुर्वेदीयसुद्धा, एका पिशवीत घालून आणाव्यात. समाजातील डॉक्टरांनी व औषधतज्ज्ञांनी त्या मराठीतून समजावून द्याव्यात. हातावरची पहिली खूण न विचारता उमटली होती. पुढची टोचणी घ्यावयाची असो वा नाकारावयाची असो, ती विचारून, समजून व्हावी. एवढे झाले तरी पुष्कळ झाले.