शीव ओलांडण्याआधी

आपल्या शीवला हे नाव पडलं ते हद्दीवरून. मुंबई बेट इथे संपायचं, खाडीपलीकडे साष्टी सुरू व्हायची. १७७४पर्यंत अलीकडे इंग्रज आणि पलीकडे मराठे असायचे. टेकडीवरचा किल्ला हीच शीव राखायला बांधलेला. आज कुर्ल्याला जाताना कोणी कागद विचारत नाही. पण नेपाळ-भूतानच्या सहलीला निघतानाही आपण तेवढेच बेफिकीर असतो, म्हणून हे चार शब्द.

नेपाळला आपल्याला व्हिसा लागत नाही, हे खरं. पण नागरिकत्व दाखवावं लागतं. त्यासाठी पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचं मतदार ओळखपत्र हवं. आधार कार्ड ओळख पटवतं, ते नागरिकत्वाचा पुरावा नाही. १५ वर्षांखालच्या मुलांना आणि ६५च्या पुढच्या आजी-आजोबांना आधार चालतं, मधल्यांना नाही. १५ ते १८ वयाच्या मुलांकडे पासपोर्ट नसेल, तर शाळेच्या मुख्याध्यापकांचा ठरावीक नमुन्यातला दाखला घ्या. मे महिन्यात शाळा बंद असते, तेव्हा तो परीक्षेआधीच मागून ठेवा.

भूतानलाही व्हिसा नाही, पण परवाना आहे. पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र तिथेही लागतं, मुलांसाठी जन्मदाखला. शिवाय मोठ्या माणसामागे रात्रीला १,२०० रुपये शुल्क भरावं लागतं. सहलीच्या खर्चात ते धरलंय का, हे आयोजकाला आधीच विचारा.

आणि परदेशाचंच कशाला? अरुणाचल, नागालँड, मिझोराम आपल्याच देशात आहेत, तरी तिथे इनर लाइन परमिट काढावं लागतं. मूळ नियम १८७३चा, इंग्रजांनी केलेला.

एक गोष्ट खास बायकांसाठी. मतदार कार्डावर माहेरचं नाव आणि तिकिटावर सासरचं, असं होऊ देऊ नका. कार्डावर आहे तेच नाव तिकिटावर घाला. कार्डावरचंच बदलायचं असेल, तर मतदार नोंदणीचा आठ नंबरचा अर्ज भरा. मात्र नवं कार्ड हातात यायला वेळ लागतो.

तेव्हा पैसे भरण्याआधी एका संध्याकाळी घरातल्या सगळ्यांची कार्डं कपाटातून काढा आणि नाव, जन्मतारीख, मुदत ताडून पाहा. अर्ध्या तासाचं काम आहे. शिवेवरच्या चौकीत मात्र चुकीला इलाज नसतो.