बँड संपला, हे कुणी ठरवलं?

‘इंडियन ओशन’ हा दिल्लीचा बँड. १९९० साली सुरू झाला, अजून वाजतो आहे. पण त्याचं नाव काढलं की आपल्यातले जाणकार एक सुस्कारा सोडतात. “असीम गेला, सुश्मित सोडून गेला, आता उरलंय काय?” हे वाक्य फार सोयीचं आहे. बोलणारा जुना रसिक ठरतो आणि नवं काही ऐकण्याचे कष्ट वाचतात. मला या सुस्काऱ्याचा मनापासून राग येतो.

‘खरे चौघे’ म्हणून ज्यांची आठवण काढली जाते, ते तरी पहिल्यापासून कुठे होते? सुरुवात सुश्मित सेनची गिटार आणि असीम चक्रवर्तीचा तबला व गळा यांच्यापासून झाली. राहुल राम १९९१ मध्ये आला. १९९३ साली पहिला अल्बम निघाला तेव्हा ड्रमवर दुसराच वादक होता. अमित किलम त्यानंतर, १९९४ मध्ये आला. म्हणजे तुमचा ‘अस्सल’ संच हाच मुळात बदललेला संच. पहिल्या अल्बमच्या श्रोत्यांनी तेव्हाच नाक मुरडलं असतं, तर ‘कंदीसा’ कुणी ऐकला असता?

रेकॉर्डिंगचंही तेच. दुसरा अल्बम ‘डेझर्ट रेन’ स्टुडिओत झालाच नाही. १ जानेवारी १९९७ रोजी दिल्लीत सफदर हाश्मींच्या स्मरणार्थ झालेल्या उघड्यावरच्या कार्यक्रमात जे वाजलं, तेच ध्वनिमुद्रण त्यांनी स्वतः बाजारात आणलं. २००० साली आलेल्या ‘कंदीसा’चं शीर्षकगीत म्हणजे केरळच्या सिरियन ख्रिश्चनांची प्राचीन अरामी प्रार्थना. त्याच अल्बममधलं ‘मा रेवा’ नर्मदेच्या खोऱ्यातलं. राहुल राम नर्मदा आंदोलनात काम करून आलेला माणूस. त्या धरणाच्या पाण्यात आपल्या नंदुरबारची गावंही गेली. आता यात शुद्ध काय शोधणार? सकाळी उर्दूचा आणि दुपारी मराठीचा तास घेणाऱ्या माझ्यासारख्याला भाषेतली शुद्धता तपासणारे रोज भेटतात. संगीतातले त्यांचेच चुलतभाऊ.

२५ डिसेंबर २००९ रोजी असीम वारला. तो तबला वाजवता वाजवता गायचा, म्हणून त्याची जागा भरायला दोन माणसं लागली: गाण्याला हिमांशू जोशी, तबल्याला तुहीन चक्रवर्ती. असीमच्या आवाजात आधीच रेकॉर्ड झालेली गाणी बँडने कंपनीला विकली नाहीत. २०१० मध्ये ‘१६/३३० खजूर रोड’ या नावाने, महिन्याला एक याप्रमाणे, इंटरनेटवर फुकट देऊन टाकली. नावातला पत्ता करोलबागेतल्या त्यांच्या तालमीच्या घराचा. गेलेल्या साथीदाराचा याहून चांगला मातम मला माहीत नाही. ज्यांना पुढचं काही ऐकायचंच नाही, त्यांनी निदान हे तरी पुरतं ऐकलं आहे का?

आणि हा चार चेहऱ्यांचा हट्ट आपल्याकडे आला कुठून? कव्वालीच्या पार्टीत काका गेला की पुतण्या पुढे बसतो. मुबारक अली खाँ १९७१ मध्ये गेले आणि पार्टीची धुरा नुसरतकडे आली. तेव्हा पार्टी बुडाली म्हणून सगळे उठून गेले असते, तर आपण कुणाला ऐकलं असतं? वारीतल्या दिंडीचा पखवाजी बदलतो म्हणून दिंडी कुणी मोडत नाही. परंपरेच्या नावाने गळा काढणारे नेमके इथेच आपली परंपरा विसरतात आणि विलायती पोस्टरवरचे चार चेहरे धरून बसतात.

सुश्मितच्या गिटारीला पर्याय आहे असं मी म्हणणार नाही. तो २०१३ मध्ये स्वतःच्या वाटेने गेला आणि तो आवाज त्याच्याबरोबर गेला. निखिल रावची गिटार वेगळी आहे, आणि त्याने सुश्मितची नक्कल केली असती तर मीच पहिला शिव्या दिल्या असत्या. २०१४ च्या ‘तंदानू’त प्रत्येक गाण्याला एक पाहुणा आहे, शुभा मुद्गल, शंकर महादेवन, विश्वमोहन भट्ट अशा तोलामोलाचा. मला तो अल्बम काही ठिकाणी पाहुणचारात हरवलेला वाटतो. हे मी ऐकून म्हणतो आहे, सुस्कारा सोडून नव्हे.

कार्यक्रमात मात्र एकच आरोळी उठते: ‘बंदे’! ते ‘ब्लॅक फ्रायडे’मधलं, पियुष मिश्रांनी लिहिलेलं. १९९३ च्या स्फोटांवरचा तो चित्रपट कोर्टात अडकला, २००७ साली थिएटरात आला. गाणं त्याआधीच पोरांच्या ओठावर होतं. त्या वर्षाची मुंबई पाहिलेल्या मुसलमानाला ते गाणं कुठे लागतं, हे मी वेगळं सांगायला नको. पण तेवढं एक गाणं मोबाइलवर टिपून घ्यायचं आणि नवं गाणं सुरू झालं की चहाला उठायचं, ही कसली दाद? तेच लोक घरी येऊन ‘आता ती मजा नाही’ असं लिहितात.

याचा मार दिल्लीच्या नावाजलेल्या बँडला फारसा बसत नाही. तो बसतो आपल्या गावातल्या पोरांना. कॉलेजातली चार मुलं उसन्या ड्रमवर बँड उभा करतात. एकाला नोकरी लागून तो पुण्याला जातो, एकाचे अब्बा गिटार माळ्यावर टाकतात. उरलेले दोघं नवा वादक शोधून पुन्हा उभे राहतात, तर आम्ही म्हणतो, “पहिल्यासारखं नाही राहिलं.” अरे, पहिलं होतं तेव्हा तुम्ही शंभर रुपयांचं तिकीट तरी काढलं होतं का?

‘इंडियन ओशन’चा ‘तू है’ २०२३ मध्ये आला आहे. आधी तो ऐका. मग ते पुण्या-मुंबईत आले की तिकीट काढून शेवटपर्यंत बसा, आणि नाहीच आवडलं तर तसं खुशाल लिहा. मी वाचेन आणि भांडायलाही येईन.